ऐकण्याचा रविवार

२१ जून १९९८, रविवार

पुण्याचा दहा दिवसांचा वर्ग आटोपून काल जुन्नरला परतलो. वर्गाचा विषय होता 'मिशनविषयी नवा विचार'. डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवावं म्हणून ही नवी वही काढली. जुन्या वहीत किराणा आणि दाढदुखी यांच्याच नोंदी फार झाल्या आहेत.

नवा विचार थोडक्यात असा. मिशन आपलं नाही, देवाचं आहे. तो जगात आपल्या आधीच कामाला लागलेला असतो. म्हणून शेजाऱ्याकडे गेल्यावर आपण आधी बोलायचं नाही, आधी ऐकायचं. शंभर वर्षं आपल्या लोकांनी खेडोपाडी जाऊन सांगितलं, सांगितलं आणि सांगितलं. ऐकलं कुणी? मला हे इतकं पटलं की वर्गात मी तीनदा उठून यावर बोललो. शेवटी सरांनी हात जोडून मला खाली बसवलं.

आज उपासनेनंतर जाहीर करून टाकलं. मी पाळक असलेल्या जुन्नर आणि शिनोली या दोन्ही ख्रिस्ती मंडळ्यांत अभ्यासाच्या सभा घ्यायच्या आणि सोळा ऑगस्टला जुन्नरच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, 'ऐकण्याचा रविवार' करायचा. त्या दिवशी बौद्ध, जैन, हिंदू शेजाऱ्यांना बोलवायचं, आपल्याबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारायचं आणि गप्प बसून ऐकायचं.

कमिटीचे सेक्रेटरी कुंडलिकराव उठले. पोस्टातून रिटायर झाले आहेत, पण प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारल्याशिवाय पुढे सोडत नाहीत.

"म्हंजे साहेब, त्यांनी आपल्या देवळात येऊन आपल्यालाच नावं ठेवायची, आन आपन आमेन म्हनायचं?"

मी म्हटलं, "नावं ठेवतीलच असं नाही. ठेवली तरी ऐकायचं. मिशन देवाचं आहे, कुंडलिकराव."

"देवाचं हाय ते झ्याक झालं. मंग मिशन कंपाउंडची घरपट्टी बी तोच भरंल."

सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून चरफडलो. आमच्या लोकांना मिशन म्हटलं की आम्ही राहतो ते कंपाउंड, त्याची पडकी भिंत आणि चिंचेचं झाड एवढंच दिसतं. काम सोपं नाही. पण मी एकदा धरलं की सोडत नाही, हे माझी बायको जाणते. रिबेकाला तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "हो, जाणते की." आणि भाकरी थापायला गेली.

२४ जून, बुधवार

आज घबाड सापडलं!

संध्याकाळी गोजरबाईंकडे चहाला गेलो होतो. कंपाउंडच्या टोकाच्या खोलीत त्या एकट्या राहतात. वय पंचाहत्तरीच्या घरात. तरुणपणापासून रिटायर होईपर्यंत त्या मिशनच्या बायबलबाई होत्या, म्हणजे गावोगाव जाऊन बायकांना शुभवर्तमानातल्या गोष्टी सांगायच्या आणि गाणी शिकवायच्या. देवळात पहिल्या बाकावर बसून गाणं उचलतात त्या याच. आमच्याकडे पेटी आहे, पण पेटीवालासुद्धा त्यांच्या सुरामागून जातो.

मी त्यांना नवा विचार समजावून सांगितला, चांगला तासभर. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी बशी खाली ठेवून म्हणाल्या, "साहेब, एक बाई व्हती."

"बरं."

"मिशनची बाई. सात वर्सं एका गावात जायची. ऊन म्हनली न्हाई, पाऊस म्हनली न्हाई. गोष्टी सांगितल्या, गानी शिकवली. बाया लई जीव लावायच्या. मिशनच्या साहेबाला वाटायचं, ही वस्ती आता परभूकडं येनार. आन सात वर्सांनी काय झालं, तर सगळी वस्ती एका दिवसात बुद्धाला गेली, बाबासाहेबांच्या मागं. साहेब बाईला म्हनले, सात वर्सं काय केलंस गं तू?"

मी मांडीवर थाप मारली. "वा! अगदी हेच उदाहरण मला हवं होतं!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग साहेब, त्या बाईचं काम वाया गेलं का?"

"वायाच गेलं म्हणायचं," मी म्हणालो. "पण दोष तिचा नाही, पद्धतीचा. ती नुसती सांगत राहिली. त्या लोकांच्या मनात काय आहे ते तिनं ऐकलंच नसणार."

"आसंल," असं म्हणून त्यांनी माझा कप विसळायला उचलला. त्यात अजून दोन घोट चहा होता. म्हातारपणी लक्ष राहत नाही.

२८ जून, रविवार

जुन्नरची पहिली सभा झाली. गोजरबाईंची गोष्ट मधोमध ठेवली होती. सांगताना मी त्या बाईला एक काळी छत्री दिली आणि बगलेत गुंडाळलेली चित्रं दिली. त्यानं रंग येतो.

रंग म्हणावा तसा आला नाही. हशा यायला हवा होता तिथं मंडळीतली साळुबाई आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. कुंडलिकरावांना खोकल्याची उबळ आली. सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून पहिल्या बाकाकडे जात होत्या. तिथं गोजरबाई हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. विषय नवा आहे, पचायला वेळ लागणार.

घरी आल्यावर रिबेका म्हणाली, "ती गोष्ट पुन्हा सांगू नका."

"का?"

"कुणाला तरी लागेल."

"लागायलाच हवी. लागल्याशिवाय माणूस विचार करत नाही."

"अहो, पण..." एवढं बोलून ती थांबली. "तुम्हाला सांगायचं नाही, असं मला बजावलंय."

"कुणी बजावलंय?"

"तेच सांगायचं नाही."

महिला मंडळात काहीतरी राजकारण शिजतंय. मी त्यात पडत नाही.

५ जुलै, रविवार

आज ऐकण्याचा सराव घेतला. वर्गात शिकवला होता तसाच. चिठ्ठ्या टाकून दोघादोघांच्या जोड्या लावायच्या, एकानं पाच मिनिटं मनातलं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये न बोलता ऐकायचं, मग उलट.

साळुबाईच्या वाट्याला नेमकी तिची सून आली. साळुबाई आधी बोलली. पाच मिनिटं संपल्याची घंटा मी दोनदा वाजवली, पण तिला ऐकू आली नाही. मग सुनेची पाळी. ती चार वर्षं साळुबाईच्या घरात नांदतेय, पण तिचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. तिनं सुरुवात मिठापासून केली आणि दिवाळीत माहेरी न पाठवल्यापर्यंत येऊन पोचली. साळुबाई नियमाप्रमाणे गप्प होती, पण तिच्या नाकपुड्या बघून मी पाच मिनिटांची चारच केली. दोघी घरी वेगवेगळ्या वाटेनं गेल्या.

कुंडलिकराव म्हणाले, "साहेब, ऐकन्याला आमची ना न्हाई. पन आसंच ऐकत गेलो तर नाताळापातुर एक बी घर शाबूत राहनार न्हाई."

गोजरबाई आज आल्या नव्हत्या. गाणं कुंडलिकरावांनी उचललं, तेही इतक्या वरच्या पट्टीत की दुसऱ्या कडव्याला अर्धी मंडळी नुसतीच तोंड उघडून उभी होती.

१२ जुलै, रविवार

सकाळी जुन्नरची उपासना उरकून दुपारी शिनोली. तिथली मंडळी म्हणजे पाच घरं. सभा जानकूच्या पडवीत भरते. जानकू भातलावणीवरून तसाच आला होता, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मी नवा विचार सांगितला, मग ती गोष्ट सांगितली. आता बाईच्या पायात फाटकी चप्पल आली आहे आणि साहेब घोड्यावर बसून येतो. इथं लोक हसले, कारण त्यांना कुणाकडे बघायचं नव्हतं. म्हणजे असं मला वाटलं. का वाटलं कोण जाणे.

मग जानकू म्हणाला, "साहेब, इचारू का? आमी आठवडाभर ऐकतोच की. मालकाचं ऐकतो, ग्रामसेवकाचं ऐकतो, एष्टीच्या कंडक्टरचं ऐकतो, घरी आल्यावर हिचं ऐकतो. रविवारी देवानं आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायला हुबं राहतो तेवढंच काय ते आमाला बोलाया मिळतं. आता तिथं बी गप बसायचं का?"

त्याला मुद्दा समजला नव्हता. मी पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितला. तो मान डोलावत राहिला.

परतीच्या गाडीत मात्र त्याचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. घरी येऊन वर्गातल्या नोट्स काढल्या. त्यात याचं उत्तर नाही.

१९ जुलै, रविवार

गोजरबाई आजही नाहीत. गुडघे धरले असणार, पावसाळी हवा आहे. रिबेकाच्या हाती बामची बाटली पाठवली.

परत आल्यावर ती म्हणाली, "गुडघे ठणठणीत आहेत त्यांचे. विहिरीवरून दोन कळशा भरून आणत होत्या."

इतक्या लवकर! चांगला बाम आहे. आपल्याकडेही एक बाटली आणून ठेवायला हवी.

रिबेकानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग म्हणाली, "ऐकण्याच्या रविवारी बोलायला कोण कोण आहे?"

"अजून ठरायचंय."

"बोरी बुद्रुकला आक्काबाई म्हणून आहेत. बौद्ध आहेत. गोजरबाईंची जुनी ओळख. त्यांना बोलवा. आणि चिठ्ठी पाठवू नका, स्वतः जा."

सूचना चांगली आहे. रिबेकालाही आता नव्या विचारात गोडी वाटू लागली आहे, हे पाहून बरं वाटलं.

२२ जुलै, बुधवार

बाजारपेठेत आमचे जैन शेजारी भंवरलालशेठ यांच्या दुकानी गेलो. आजोबा राजस्थानातून आले, हे जन्माने जुन्नरचे. कंपाउंडच्या अगदी समोर राहतात. त्यांना म्हटलं, "शेठ, देवळात येऊन आमच्याबद्दल चार शब्द बोला. आमचं काय चुकतं ते सांगा."

शेठ दचकले. "चुकतं? छे छे. गिऱ्हाइकाला नावं ठेवायची नसतात, साहेब."

"गिऱ्हाईक म्हणून नाही हो, शेजारी म्हणून."

"शेजाऱ्याला तर मुळीच ठेवायची नसतात."

मी फारच गळ घातली. पाळकानं टीकेची भीक मागावी हा प्रसंग माझ्यावरच यायचा होता. शेवटी म्हणाले, "बरं, घरात विचारतो. गुलाबबाईला काही सुचलं तर सांगतो." निघताना त्यांनी माझ्या हातात पावशेर खडीसाखर ठेवली. आमच्यात काय चुकतं याचा विचार त्यांना अजून करायचा आहे म्हणून असेल.

२९ जुलै, बुधवार

हे आजच लिहायला हवं.

सकाळी नारायणगावला गाडी बदलून बोरीला गेलो. आक्काबाईंचं घर मळ्यात आहे. ओटीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, दोन्हींना ताजा हार. त्यांचा मुलगा भागुजी पन्नाशीचा, शेती बघतो. "या पावणं, बसा," म्हणत त्यानं घोंगडी अंथरली. आक्काबाई म्हाताऱ्या पण खणखणीत. शेंगा फोडत बसल्या होत्या.

मी आमंत्रण दिलं, नवा विचार सांगितला. आणि बोलण्याच्या भरात ती गोष्टही सांगितली! म्हटलं, यांची वस्तीही बुद्धाकडे गेलेली, यांना पटेल. छत्री, चित्रं, फाटकी चप्पल, घोड्यावरचा साहेब, सगळं सांगितलं. आणि शेवट केला, "अशा रीतीनं त्या बिचारीची सात वर्षं पाण्यात गेली."

भागुजी म्हणाला, "घोडा नव्हता वो पावणं, जीप व्हती. मी बारका व्हतो, पन चांगलं ध्यानात हाय माज्या."

मला वाटलं, बघा, गोष्ट कुठवर पोचली आहे!

आक्काबाईंचे हात थांबले होते. "ही गोष्ट तुमाला कोनी सांगितली?"

"आमच्या गोजरबाईंनी."

"आन ती बाई कोन, ते न्हाई सांगितलं?"

"नाही. असेल कुणीतरी जुन्या काळातली."

आक्काबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय ते कळेना. मग म्हणाल्या, "छत्री नव्हती तिच्यापशी. पोत्याची खोळ घ्यायची डोक्यावर. येते मी सोळा तारखेला. गोजराला सांगा, आक्का येतीया."

मी नमस्कार करून निघालो. गाडीत खिडकीची जागा मिळाली, वारा छान होता, मी खुशीत होतो. नारायणगावच्या स्टँडवर वडापाव घेतला आणि पहिला घास तोंडात असताना मला कळलं.

वडापाव तसाच कागदात गुंडाळला. ती बाई पहिल्या बाकावर बसली होती आणि मी तिला छत्री देत होतो. सगळ्या मंडळीला ठाऊक होतं, कुंडलिकरावांना, साळुबाईला, रिबेकाला. सगळं जुन्नर मला सांगत होतं आणि मी खोकल्याला खोकला आणि गुडघ्याला गुडघा समजत होतो. त्यांनी आपलीच गोष्ट मला सांगून विचारलं होतं, माझं काम वाया गेलं का, आणि मी चहा पीत पीत हो म्हणालो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं आहे.

३० जुलै, गुरुवार

सकाळीच गेलो. गोजरबाई दारात सुपात तांदूळ निवडत होत्या. मी रात्रभर शब्द जुळवले होते. म्हणालो, "बाई, माझा फार मोठा अपराध झाला. येत्या रविवारी सगळ्या मंडळीपुढे, वेदीपाशी उभा राहून मी तुमची जाहीर माफी मागणार आहे."

"म्हंजे आता माफीची बी गोष्ट करनार का?"

मी उभाच होतो.

"बसा," त्या म्हणाल्या. "साहेब, तुमी बोलता लई ग्वाड. मानूस हरखून जातं. पन ऐकावं कसं, ते तुमी मला तासभर सांगितलंत. मी एकच गोष्ट सांगाया घेतली, तर ती तुमी संपू बी दिली न्हाई."

"मग पुढं काय झालं होतं?"

"आता न्हाई सांगायची."

त्यांनी सुपातले तांदूळ पाखडले. मग त्या खाली बघतच म्हणाल्या, "येवढ्या वर्सांत मी कुनालाच इचारलं नव्हतं. साहेब बोलले ते बोलले, त्यांच्यामागं कुनी काय म्हनलं न्हाई, मी बी काढलं न्हाई. तुमी पुन्याला जाऊन नवं शिकून आला. म्हनलं, या मानसाला इचारावं. तर तुमी म्हनलात, वाया गेलं. मंग म्हनलं, शिकल्यालं मानूस सांगतंय, तर तसंच आसंल."

मी म्हणालो, "नाही बाई, वाया गेलं नाही. मी चुकलो."

"आता माज्या तोंडावर ग्वाड बोलू नका. तवा बी तुमाला काय म्हाईत नव्हतं, आता बी न्हाई."

हे खरं होतं. आक्काबाई सोळाला येणार असल्याचं सांगितलं. त्यांनी तांदळातला एक खडा उचलून बाहेर टाकला. तुम्हीही या म्हटलं, तर दुसरा टाकला.

घरी येऊन रिबेकाला विचारलं, "तू सरळ का सांगितलं नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. 'बोलू द्या त्यांना, मला बघायचंय ते कवा इचारत्यात,' म्हणाल्या."

मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटत होतं, पण आमच्या घराला दोनच खोल्या आहेत.

९ ऑगस्ट, रविवार

शिनोलीला गेलो होतो. जानकूला म्हटलं, आज तुम्ही बोला. तो दीड तास बोलला. निम्मं शेताच्या बांधाबद्दल होतं, निम्मं देवाबद्दल, आणि बांध कुठं संपला आणि देव कुठं सुरू झाला ते मला कळलं नाही. मी मध्ये चारदा तोंड उघडलं आणि चारदा मिटलं. फार दमायला होतं याने.

निघताना जानकूची बायको म्हणाली, "साहेब, तब्येत बरी हाय न्हवं?"

जुन्नरला गोजरबाई अजून देवळात आलेल्या नाहीत. त्या पुन्हा कधीच आल्या नाहीत तर ते माझ्यामुळे. वर्ग, सभा, नवा विचार, सगळं चुलीत गेलं तरी चालेल. त्या बाईला परत बाकावर बसलेलं बघायचं आहे.

१६ ऑगस्ट, रविवार

सकाळी देऊळ भरलं. इतकी गर्दी नाताळालाही होत नाही. पहिला बाक रिकामाच होता. आम्ही वाट पाहून सुरुवात केली. कुंडलिकरावांनी गाणं उचललं आणि पाहुण्यांनी ते सोसलं.

भंवरलालशेठ आधी बोलले. त्यांच्या पत्नी गुलाबबाई शेजारी पदर सावरून उभ्या. शेठ म्हणाले, "तुमची माणसं चांगली आहेत. तक्रार काही नाही. पण साहेबांचा फारच आग्रह आहे म्हणून सांगतो. नाताळाला तुम्ही न चुकता फराळ पाठवता. केकात अंडं असतं म्हणून आम्हाला चिवडा पाठवता, हा तुमचा मोठेपणा. पण चिवड्यात लसूण असतो."

सगळ्यांच्या माना एकदम साळुबाईकडे वळल्या. तो चिवडा दरवर्षी साळुबाई करते.

"मग बोलायचं की हो, शेठ!" साळुबाई उभीच राहिली. "इतकी वर्सं खाल्लात कसा?"

"खाल्ला नाही. हमालांना देतो. त्यांना फार आवडतो."

"तिथून तरी सांगून पाठवायचं!"

गुलाबबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या प्रेमानं पाठवता, कसं सांगणार? आणि आमच्या दिवाळीच्या ताटातलं तुम्ही तरी कुठं सगळं खाता?"

साळुबाईच्या सुनेला हसू फुटलं. साळुबाईनं तिच्याकडे रागानं बघितलं आणि मग तीही हसायला लागली. दोघी एकाच बाकावर बसल्या आहेत, हे मला तेव्हा दिसलं.

एवढ्यात दारात गलका झाला. भागुजी आला होता आणि त्याच्या पुढे आक्काबाई. त्यांनी गोजरबाईंचा दंड घट्ट धरला होता. गोजरबाईंच्या अंगावर घरातलंच लुगडं होतं, म्हणजे तयारीला वेळच मिळाला नव्हता. आक्काबाईंनी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं आणि स्वतः थेट पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हे पावणं बोरीला आल्ते," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "मला म्हनले, त्या बाईची सात वर्सं पान्यात गेली."

मी डोळे मिटून घेतले. सगळी मंडळी माझ्याकडे बघत असणार.

"तवा मी काय बोलले न्हाई. दारात आल्याल्या पावण्याला काय बोलायचं? आता तुमी इचारलंय तर सांगते. ही गोजरा आमच्यात येऊन कवा बसून बोलली न्हाई. आमाला बसाया येळ कुठं व्हता? खुरपनीला आमी जायचो, तर ही बी खुरपं घेऊन यायची. आमच्या बरूबर पात धरायची, म्हंजे वळीला वळ लावून खुरपत जायची. एका पातीला तिची येशूची गोष्ट, दुसऱ्या पातीला आमची. आमच्या सासवांची, लेकरांची, गावानं काय केलं त्याची. ती सगळं ऐकायची. मंग आमी बाबासाहेबांचं ऐकलं आन बुद्धाला गेलो. गावानं आमाशी बोलनं टाकलं. कामाला कुनी बोलवंना. तुमच्या साहेबाची जीप यायची, ती बी बंद झाली. मला वाटलं, आता ही बी येनार न्हाई. कशाला यील? तिचं झालं न्हाई न्हवं काम."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"पुढल्या बुधवारी सकाळी बगते, तर डोक्यावर पोतं घेऊन ही यितीया, नारायनगावपास्नं पायी. आमच्याच वावरात खुरपत व्हते मी एकली. मी म्हनलं, गोजरे, आता कशाला आलीस? आमी तर तुमच्याकडं आलो न्हाई. तर म्हनली कशी, अगं, माझी पात राहिलीया."

"खोटं!" पहिल्या बाकावरून आवाज आला. गोजरबाई उभ्या राहिल्या होत्या. "माझी पात कवाच झाली व्हती. तुझी राहिली व्हती. पयल्यापास्नं तू आळशी."

"बरं, माझी. पन आलीस का न्हाई?"

"आले की."

"त्या साली तू आली नसतीस, तर मी काय केलं आसतं ते मलाच म्हाईत न्हाई," आक्काबाई म्हणाल्या. "वाया म्हनं! ज्याच्या हातात कवा खुरपं न्हाई त्यानं सांगावं."

गोजरबाई खाली बसल्या. आक्काबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग गोजरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "साहेब, आता संपली गोष्ट."

माझं चाळीस मिनिटांचं समारोपाचं भाषण खिशात होतं. ते काढायला हात घातला आणि मला रडू फुटलं. पाळकानं सगळ्यांदेखत रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी घाईघाईनं म्हणालो, "आपण प्रार्थना करू या." म्हणजे सगळे डोळे मिटतील आणि तेवढ्यात मला सावरता येईल.

आमच्या मंडळीनं डोळे मिटले. पाहुण्यांना हा रिवाज ठाऊक नव्हता. आक्काबाई, भागुजी, गुलाबबाई, सगळे टक लावून माझ्याकडे बघत राहिले. प्रार्थनेचा एक शब्द माझ्या तोंडून निघेना. तेव्हा भंवरलालशेठ जागेवरून उठले, चपला नसल्यामुळे अगदी आवाज न करता वेदीपाशी आले, खिशातला घडी केलेला रुमाल माझ्या हातात दिला आणि परत जाऊन बसले.